अंबाड्यावरचा चेहरा

सिग्नल हिरवा झाला तेव्हा नागसेन उंदिरवाडे झोपला होता. वरोरा नाक्यावर, भर दुपारी, गाडीचं इंजिन चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि मान साहेबाला शोभेल इतकी ताठ. फक्त तोंड उघडं होतं. मागच्या हॉर्नांनी त्याला जाग आली नाही. जाग आली ती काचेवर कुणीतरी नाण्यानं टकटक केली तेव्हा. बाहेर एक ऑटोवाला कमरेत वाकून आत बघत होता. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबलेला, त्यामुळे हसू अर्धंच बाहेर येत होतं. "काऊन जी, घरी झोपू नाई देत का?" त्यानं विचारलं, आणि मागं अडकलेल्या दोन मोटरसायकलवाल्यांना हे फारच विनोदी वाटलं. नागसेननं डॅशबोर्डवरचं गाडी पुसायचं फडकं उचललं, हनुवटीवरची लाळ पुसली आणि ऑटोवाल्याकडे नुसतं पाहिलं. हे पाहणं त्यानं नोकरीत कमावलेलं होतं. तो वनखात्यात परिक्षेत्र अधिकारी होता, आणि जंगलात या एका नजरेनं माणसं सायकलवरच्या मोळ्या टाकून पळायची. ऑटोवाला पळाला नाही. त्यानं गाडीच्या चाकाशीच पिचकारी टाकली आणि सावकाश आपल्या ऑटोत जाऊन बसला.

मी झोपलो नव्हतो, डोळे मिटले होते, असं नागसेननं घरापर्यंतच्या रस्त्यात स्वतःला पटवून दिलं. त्याला स्वतःला पटवणं फारसं अवघड जात नसे. हे गावच असं, याला शहर म्हणायचं ते केवळ नकाशावर. कोळशाच्या धुळीत जन्मलेली, खर्रा खाऊन भिंती रंगवणारी, दुसऱ्याच्या खिडकीतून आत बघणारी माणसं. इथे माणसाला दोन मिनिटं डोळे मिटायची सोय नाही. घरी त्यानं अवाक्षर काढलं नाही. पण त्या दोन मोटरसायकलवाल्यांपैकी एकाची मुलगी त्याच्या बायकोच्या, हर्षाच्या, वर्गात शिकत होती, आणि हर्षा शाळेतून आली ती सगळं ऐकूनच. ती रागावली नाही, हेच त्याला जास्त लागलं. तिनं फक्त पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं आहे. मी नंबर लावला आहे." हर्षा त्याच्याशी बोलताना जपून शुद्ध बोलायची. तिची माहेरची बोली त्याला चालत नसे. पुण्याच्या ट्रेनिंगहून आल्यावर त्यानं 'मले-तुले' जसं टाकून दिलं तसं तिनंही टाकावं अशी त्याची अपेक्षा होती, आणि तिनं ते त्याच्यापुरतं टाकलंही होतं.

डॉक्टर निशात वयानं त्याच्यापेक्षा बरीच लहान निघाली, म्हणजे तिच्याबद्दलचं मत बनवायला त्याला दारातच पुरेसं साहित्य मिळालं. एक रात्र बोटाला, छातीला, नाकाला वायरी लावून घरीच झोपायला लावलं आणि मग एक आलेख पुढ्यात ठेवून तिनं सांगितलं की झोपेत त्याचा घसा मिटतो. जीभ मागे पडते, हवेची वाट बंद होते, श्वास थांबतो. मग मेंदू घाबरून त्याला अर्धवट जागं करतो, की पुन्हा घोरणं सुरू. रात्रभर हेच. दिवसा झोप येते ती त्यामुळे. नागसेनला हसू आलं. त्याच्या बापाच्या काळी घोरणं हा आजार नव्हता, घरात कर्ता माणूस असल्याचा तो पुरावा होता. आता घोरण्यालाही आलेख आला. हर्षानं मात्र सरळ विचारलं, नाही केलं काही तर काय होईल. डॉक्टरनं तिच्याकडे बघूनच उत्तर दिलं की हृदयावर ताण येत राहील, आणि एखाद्या रात्री थांबलेला श्वास पुन्हा सुरू होणार नाही. शिवाय साहेब स्वतः गाडी चालवतात, त्यात दुसऱ्याचाही जीव आहे. उपाय साधा आहे, एक मशीन आहे, मास्क लावून झोपायचं, ते हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. पण रोज लावायचं आणि रात्रभर लावायचं. परतताना गाडी हर्षानं चालवली. तो शेजारी बसून तिच्या गिअर बदलण्याला नावं ठेवत राहिला, आणि रामाळा तलावापर्यंत येता येता झोपला.

मशीन घेऊन आलेल्या पोराचं नाव जिशान. पोरगा म्हणजे तिशीचा बाप्या, पण कानात ते मोबाईलचं पांढरं बोंडूक, टोकदार बूट, अत्तराचा घमघमाट, आणि प्रत्येक वाक्याला दोनदा 'सर'. नागसेनला असल्या बोलक्या विक्रेत्यांचा तिटकारा होता. जिशाननं त्याला डायनिंगच्या खुर्चीवर ताठ बसवलं आणि विचारलं, "सर तोंड उघडं ठेवून झोपते का?" हर्षा हो म्हणाली. "मग बडावाला," असं म्हणून त्यानं डब्यातून तो मोठा मास्क काढला. नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकणारा, कडेला रबरी गादी, मागे चार पट्टे, आणि पुढे सोंडेसारखी नळी. तो नागसेनच्या तोंडावर बसवून, पट्टे आवळून, मशीन सुरू करून तो एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, एकदम परफेक्ट बसला सर. नागसेनला समोरच्या कपाटाच्या काचेत आपलं तोंड दिसलं. नेहमी पीळ भरून ठेवलेल्या मिशा प्लॅस्टिकच्या आत काचेवर चिकटलेल्या किड्यासारख्या दबल्या होत्या. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्या मास्कात बोलता येत नव्हतं, आणि जिशान तर मोबाईलवर मशीनची नोंद करण्यात गुंतला होता.

खुर्चीवर परफेक्ट बसलेला मास्क गादीवर आडवं होताच परफेक्ट राहिला नाही. कूस वळली की उशी त्याला ढकलायची आणि नाकाच्या मुळाशी फट पडून हवेची धार थेट डोळ्यात यायची. मिशीखालून हवा फुरफुरायची. मशीनला वाटायचं की दाब कमी पडतोय, मग ते बिचारं इमानेइतबारे दाब वाढवायचं. दाब वाढला की फट वाढायची, फट वाढली की दाब. पहाटेपर्यंत पोट हवेनं फुगून तट्ट आणि नाकावर लाल वळ. पट्टे सैल केले तर हवा सुटते, आवळले तर जबडा मागे दाबला जाऊन कुणीतरी हनुवटीला धरून ठेवल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवसापासून त्यानं एक शिस्त लावून घेतली. झोपताना हर्षासमोर मास्क चढवायचा, तिचा डोळा लागला की काढायचा. मग ती जागी असतानाच काढायला लागला. मग चढवणंही थांबलं. बेडरूमच्या दारामागे रेनकोट आणि बॅटरी टांगायचा खिळा होता, त्यावर मास्क लटकू लागला. आणि नागसेन पुन्हा आपल्या बापाच्या इतमामात घोरू लागला. हर्षा जागी असायची हे त्याला माहीत होतं. श्वास अडला की ती कोपरानं ढोसायची. सकाळी तिचे डोळे सुजलेले असत, आणि बाईला जागायची हौसच आहे असं त्याचं त्यावरचं मत होतं.

एके दिवशी जिशानचा फोन आला की सर, तुम्ही मशीन वापरत नाही, इकडे मला दिसून राह्यलं. म्हणजे मशीनमध्ये सिम होतं, आणि नागसेन उंदिरवाडे केव्हा मास्क लावतो, केव्हा काढतो, कुठून हवा सुटते, हे सगळं त्या अत्तरवाल्याला तिकडे बसल्या जागी कळत होतं. नागसेनचा संताप झाला. त्यानं स्वतः उभी हयात झाडांना कॅमेरे बांधण्यात घालवली होती. वाघीण पिल्लं घेऊन कुठल्या वाटेनं गेली, कोणत्या गावची बाई कोणत्या दिवशी बंदी असलेल्या भागात मोहफुलं वेचायला शिरली, सगळं त्याच्या लॅपटॉपवर होतं. पण ती जनावरं आणि ती माणसं वेगळी. त्यानं जिशानला सांगितलं की मास्क चांगला आहे, माझ्याकडे वेळ नाही, आणि फोन ठेवला. बोलताना 'मास्क चांगला आहे' हे वाक्य आपण याआधीही कुणाला तरी अशाच आवाजात सांगितलं आहे असं त्याला वाटून गेलं. कुणाला, ते मात्र आठवलं नाही. हल्ली बऱ्याच गोष्टी आठवत नसत, डोक्यात सदा धुकं असे.

खरं तर न आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहाचा हंगाम तोंडावर आला होता आणि चिचटोला गावाच्या आसपास एक वाघ माणसांवर मागून झडप घालू लागला होता. वाघ समोरून येत नाही, चेहरा दिसला की कचरतो, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायचा, ही युक्ती दुसरीकडे वापरलेली होती. नागपूरच्या एका संस्थेनं नागसेनकडे दोन नमुने पाठवले. एक चकचकीत प्लॅस्टिकचा, गोऱ्या गालांचा मिशीवाला माणूस, मागे इलॅस्टिक. दुसरा म्हणजे एक कापडी चौकोन, त्यावर काळ्या रंगात डोळे-नाक छापलेले, चार कोपऱ्यांना नाड्या. असलं पोतेरं बांधून माणसं उभी केली तर फोटोत काय दिसणार, असं म्हणत नागसेननं प्लॅस्टिकचा पसंत केला. त्याची चाचणीही घेतली. वनरक्षक बुधू याला मुखवटा बांधून ऑफिसच्या आवारात चालवलं. बुधूचे केस मशीनवर कापलेले, डोकं नारळासारखं गोल. मुखवटा असा बसला की जणू तिथेच उगवला आहे. नागसेननं मागून पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि खोकीच्या खोकी मागवली.

चिचटोल्यात वाटपाला सगळं गाव जमलं, आणि जमलं ते हसायलाच. लच्छू नावाच्या एका म्हाताऱ्यानं मुखवटा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला की हा तं उंदिरवाडे सायबासारखाच दिसते, मिशा पाहा ना. त्यावर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नागसेनही हसला, पण ओठांनीच. या लोकांच्या भल्याचं काही करायला जावं आणि त्यांनी त्याची गंमत करावी, हे त्यानं जन्मापासून पाहिलं होतं. तो स्वतः असल्याच एका गावातून वर आला होता. त्याची आई डोक्यावर मोळी घेऊन सिंदेवाहीच्या बाजारात जायची, आणि शाळा नसली की त्याला मागून चालावं लागायचं. पुढे आईची पाठ, मानेवर घट्ट अंबाडा, अंबाड्याच्या वर जुन्या लुगड्याची चुंबळ, चुंबळीवर मोळी. वाटेत वर्गातलं कुणी दिसलं तर तो दहा पावलं मागे राहायचा, म्हणजे ही बाई आपली कुणी नाही असं वाटावं. त्या बाईनं मोळ्या विकून शिकवलं, हे सत्कारात सांगायला बरं असतं. घरात त्यानं ते हर्षालाही कधी बोलू दिलं नाही. गावाबद्दल, गावाच्या हसण्याबद्दल, गावाच्या खर्ऱ्याबद्दल त्याच्या मनात एक पक्की घृणा होती, आणि ती घृणा म्हणजेच आपली प्रगती अशी त्याची समजूत होती.

मुखवटे वाटले, फोटो निघाले, आणि लोकांनी ते घरी नेऊन लेकरांना खेळायला दिले. हंगामात नागसेन फेरीवर गेला तर एकाच्याही डोक्याला मुखवटा नाही. का नाही घालत, असं त्यानं विचारलं की माणसं नुसती जमिनीकडे बघायची. आणि मग एका पहाटे कमळा पेंदाम मोहाखाली वाकलेली असताना वाघानं तिला नेलं. पंचनाम्याला नागसेन तिच्या घरी गेला. कुडाच्या भिंतीला एक खुंटी होती, तिच्यावर बियाण्याचा दुधी भोपळा टांगलेला आणि त्याच्या शेजारी तो मुखवटा, गोरे गाल, मिशा, एकही ओरखडा नसलेला. तिचा नवरा पत्रू ओट्यावर बसला होता. नागसेननं मुखवट्याकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की बघा, जीव वाचवायला दिलेली वस्तू ही अशी टांगून ठेवतात. पत्रू जमिनीकडे बघत राहिला. अहवालात नागसेननं एक वाक्य स्वतःहून घातलं: मयत महिलेस मुखवटा देण्यात आला होता, परंतु तिने तो परिधान केला नव्हता. त्या वाक्याची तशी कुणालाच गरज नव्हती. कारकून दुसऱ्या दिवशी फोनवर मजकूर उतरवून घेत होता तेव्हा जेवणाच्या टेबलावर बसून नागसेननं ते दोनदा सांगितलं, आणि 'परिधान' हा शब्द त्याच्याकडून सुधारून घेतला. हर्षा तेव्हा वाढत होती. तिनं काही म्हटलं नव्हतं.

ती आत्ता म्हणाली. जिशानचा फोन येऊन गेला त्याच संध्याकाळी. नागसेन सोफ्यावर बातम्या बघता बघता डुलकी घेत होता, आणि तिनं आतून येऊन टीव्ही बंद केला. जाग आली तेव्हा ती समोर उभी होती, हातात खिळ्यावरून काढलेला तो मास्क. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि त्या थकव्यात तिची माहेरची बोली बाहेर पडली हे तिच्याही लक्षात आलं नाही.

"उद्या तुमाले काही झालं तं लोक मले विचारतीन. मी काय सांगू? मास्क दिला होता, पण त्यायनं परिधान नाई केला?"

नागसेनचं तोंड पुन्हा उघडं राहिलं. बायकोनं आपल्याला उलट बोलावं याचा संताप यायला हवा होता, तो आला नाही. मग नेहमीप्रमाणे तिरस्कार मदतीला धावून आला. तो म्हणाला की तुला काय कळतं, ते लावून बघ एकदा, डोळ्यात हवा जाते, पोट फुगतं, जबडा मोडतो. मी काय मुद्दाम घालत नाही का. हर्षा त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहायला त्याला आवडलं नसतं, म्हणून त्यानं पुन्हा टीव्ही लावला. इतके दिवस त्यानं हे तिला एकदाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तोही जमिनीकडेच बघत बसला असता.

रविवारी दुपारी हर्षानं जिशानला बोलावून घेतलं. या खेपेला तिनंच सांगितलं की खुर्चीवर नाही, पलंगावर, हे झोपतात तसं. नागसेन स्वतःच्याच पलंगावर पंचनाम्यातल्या मयतासारखा आडवा झाला. बाजूला त्या पोराचे टोकदार बूट, उशाशी बायको. जिशाननं मोठा मास्क चढवला, मशीन चालू केलं, कूस वळायला सांगितलं, आणि हवा फुर्रकन डोळ्याखालून सुटली. जिशाननं पट्टे आवळले, मग सैल केले, मग डोकं खाजवलं. आणि अत्यंत निर्लज्जपणे म्हणाला की सर, सच बोलू का, मी सगळ्यांलेच पहिले बडावाला देतो, तोंड उघडं राहते म्हटलं की बडावाला, कोणी परत विचारत नाई. नागसेननं त्याच्यावर ती नजर टाकली, पण तोंडावर ती सोंड असताना नजरेचं काही चालत नाही.

"दुसरा नाई का?" हर्षानं विचारलं.

"आहे ना," जिशान म्हणाला, आणि त्यानं पायाशी ठेवलेल्या बॅगेत हात घातला.

इतकं सोपं होतं ते. बॅग पहिल्या दिवशीही त्याच्या पायाशीच होती. आतून निघाला तो लिंबाच्या फोडीएवढा मऊ तुकडा, फक्त नाकपुड्यांखाली टेकणारा, मागे एकच पातळ पट्टा. जिशान तो बसवता बसवता तोंडाची टकळी चालवत होता. मोठा मास्क जबड्याले मागं दाबते सर, जबड्यासंग जीभ मागं जाते, म्हणजे जी वाट उघडायची तीच अरुंद होते. मग दाब जास्त लागते, दाब जास्त झाला की हवा सुटते. नाकावाल्याले कमी दाबात काम होते. तोंड सुरुवातीले उघडीन, हवा तोंडातून पळाल्यासारखी लागीन, पण मग आपोआप मिटते. नागसेननं मिशीकडे बोट दाखवलं. ती कापावी लागणार हे तो मनातून कबूल करून बसला होता. पण जिशान म्हणाला, "मिशी राहू द्या सर. माणूस पाहूनच मास्क द्या लागते." हे त्यानं पहिल्या दिवशी का पाहिलं नाही, असं विचारायला नागसेननं तोंड उघडलं, तर हवेचा झोत नाकातून येऊन तोंडावाटे भसकन निघून गेला आणि शब्दच उमटला नाही. त्यानं तोंड मिटलं. हवा गप्प झाली. छातीत काहीतरी सैल होत गेलं, पंख्याचा आवाज लांब गेला, आणि जिशानचं अत्तर खोलीत असतानाच, बायको उशाशी असतानाच, नागसेन उंदिरवाडे तोंड मिटून झोपला.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. घरात कुणाची चाहूल नव्हती. त्याला आधी कळेना की काय वेगळं आहे. मग कळलं की डोक्यातलं धुकं गेलं होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा प्रत्येक वस्तू आपापल्या कडेसकट दिसत होती, दारामागचा खिळा, रेनकोट, बॅटरी. आणि तितक्याच स्वच्छपणे, न बोलावता, चिचटोल्याचं ते वाटप समोर आलं. लच्छू, बायकांचं हसू, आणि रांगेतली कमळा पेंदाम. तिनं मुखवटा घरी नेऊन थेट टांगला नव्हता. तिनं तो तिथेच, त्याच्यासमोर, घालून पाहिला होता. तिचा भरघोस अंबाडा होता. मुखवटा अंबाड्यावर टेकून असा कलला की मिशीवाला माणूस थेट आभाळाकडे बघू लागला. इलॅस्टिक ताणून तिनं तो खाली ओढला, तो पुन्हा वर सरकला. मग खाली वाकून दाखवलं, जशी मोहाखाली वाकायची तशी, आणि मुखवटा सुटून धुळीत पडला. सगळे यालाही हसले होते. ती हसली नव्हती. तिनं तो उचलून पदरानं पुसला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली होती, "अंबाड्यावर बसत नाई सायेब. दुसरा नाई का?" नागसेननं उत्तर दिलं होतं. मास्क चांगला आहे, दुसरा नाही, अडचण होत असेल तर केस काप. पुढच्या बाईचं नाव पुकारायला त्यानं बुधूला खूण केली होती. वाक्य तेच, आवाजही तोच.

त्यानं नाकावरचा तुकडा अलगद काढून मशीनवर ठेवला आणि तो खाली गाडीपाशी गेला. डॅशबोर्डवर फडकं पडलं होतं. त्यानं ते झटकलं, बोनेटवर पसरून हातानं सारखं केलं. ग्रीसचे डाग, सिग्नलवरची त्याची वाळलेली लाळ, आणि त्या सगळ्याखाली दोन पुसट डोळे, नाकाची एक रेघ. तीन नाड्या शाबूत होत्या, एक तुटलेली. संस्थेनं पाठवलेला नमुना परत करायचा म्हणून गाडीत राहिला होता, आणि दोन वर्षं नागसेननं त्याच कापडानं काच पुसली होती. आपल्याला या माणसाची किळस येते, असं त्याला वाटलं, आणि हा माणूस म्हणजे ऑटोवाला नव्हता, जिशान नव्हता, लच्छूही नव्हता. आयुष्यभर जो तिरस्कार तो इतरांवर उधळत आला, तो सगळा एकदम घरी परतला होता.

गच्चीवर हर्षा वाळलेल्या कुरड्या गोळा करत होती. त्याची चाहूल लागून तिनं विचारलं की झोप झाली का, डोकं दुखत नाही ना. तिच्या मागे जाऊन त्यानं ते फडकं तिच्या डोक्यामागे धरलं आणि नाड्या कपाळावर आणून बांधू लागला. "अहो, गाडीचं फडकं आहे ते," ती म्हणाली, पण दोन्ही हातांत कुरड्या होत्या म्हणून तिला अडवता येईना. "काय करून राह्यले तुमी?" त्यानं तिला जरा वाकायला सांगितलं. ऊन उतरत होतं, कुरड्या उचलायच्या राहिल्या होत्या, नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं समजून ती पुन्हा कामाला लागली. वाकली, एक एक कुरडी उचलून टोपल्यात टाकत पुढे सरकत राहिली. नागसेन तिच्यामागे उभा होता, जिथे ते जनावर उभं असेल तिथे. कापड अंबाड्यावर घट्ट, गोल बसलं होतं. ती वाकली तरी सरकलं नाही, वळली तरी सरकलं नाही. अंबाड्यामुळे त्या पुसट चेहऱ्याला उलट उठाव आला होता, आणि दोन डोळे सरळ त्याच्याकडे बघत होते. तो एक पाऊल बाजूला झाला, तरी बघत होते. लहानपणी आईच्या मागे तो याच अंतरावरून चालायचा.

हर्षानं कंबर सरळ केली, कपाळावरची नाडी चाचपली आणि वळून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय झालं, तिनं विचारलं.

"दुसरा होता," नागसेन म्हणाला.